कोण्णूर, ऐहोळे, हिरेबेणकल: दगडी कोठड्यांच्या डोंगरांवर

बेळगावहून निघून उत्तर कर्नाटकातल्या महापाषाणयुगीन दगडी कोठड्या बघायच्या असतील तर आधी गोकाकजवळचं कोण्णूर, मग ऐहोळे आणि शेवटी गंगावतीजवळचं हिरेबेणकल हाच क्रम ठेवावा. उलटं गेलं तर हिरेबेणकलच्या पुरुषभर उंच शिळा बघून आलेल्या माणसाला कोण्णूरच्या उतारावरच्या बुटक्या कोठड्या डोळ्यांत भरत नाहीत. या क्रमाचं आणखी एक कारण आहे: दगड. कोण्णूरला आणि ऐहोळेला वालुकाश्म, हिरेबेणकलला ग्रॅनाइट. कोठडी कशी उभी राहिली हे समजायचं असेल तर आधी खडक बघावा लागतो. तो बघितला की निम्मे प्रश्न तिथंच सुटतात.

ही रचना म्हणजे चार उभ्या शिळांच्या भिंती आणि वर एक आडवी छतशिळा. तिला पुरातत्त्वात डॉल्मेन म्हणतात. तीच कोठडी जमिनीत पुरलेली असली तर सिस्ट, आणि नुसते धोंडे गोल मांडलेले असले तर शिलावर्तुळ. दक्षिण भारतात हे सगळं मुख्यतः लोहयुगातलं, इसवी सनापूर्वीच्या हजार-बाराशे वर्षांतलं. विदर्भात जुनापाणी, माहुरझरी, नायकुंड इथं धोंड्यांची वर्तुळं मिळतात. बेळगावच्या पूर्वेला उतरलं की कोठड्या मिळतात. चाली वेगळ्या असतील, पण हाताशी कोणता दगड होता याचाही त्यात वाटा आहे. काळ्या बसाल्टचे गोटे निघतात, त्याचे फळ्यांसारखे सरळ पाट सहसा निघत नाहीत.

संक्रांतीनंतरचा आठवडा या फेरीला चांगला. गवत वाळून बसलेलं असतं, सापांची वर्दळ कमी असते, दुपारचं ऊन सोसवतं. फेब्रुवारी संपला की ऐहोळे आणि गंगावतीकडचा खडक अकरा वाजताच तापतो.

पहिला दिवस: गोकाक फॉल्स आणि कोण्णूर

सकाळी सहाला बेळगाव सोडलं तर अंकलगीमार्गे आठच्या सुमारास गोकाक. कोण्णूरला जाण्याआधी अर्धा तास धबधब्याच्या काठावर काढावा. जानेवारीत तिथं पाणी नावालाच असतं, कारण वर हिडकल धरणात घटप्रभा अडवलेली आहे. पाणी बघायचं तर जुलै ते सप्टेंबर. पण कोठड्यांसाठी आलेल्याला कोरडा कडाच जास्त उपयोगी. पन्नासेक मीटरचा तो कडा आडव्या थरांचा आहे. थरावर थर, मधे बारीक फट, आणि जिथं फट रुंदावली तिथून सपाट पाट सुटून खाली पडलेले. हा कलादगी-बदामी पट्ट्यातला वालुकाश्म, डेक्कन ट्रॅपच्या लाव्ह्यापेक्षा कितीतरी जुना. जाडी निसर्गानंच ठरवून दिलेली. पहारीनं फट उचकायची, खाली पाचर सारायची, की पाट मोकळा. कोठडी बांधणाऱ्यांचं पहिलं काम इथं असं अर्धं झालेलं होतं.

कोण्णूर तिथून गाडीनं काही मिनिटांवर. गावामागच्या टेकड्यांच्या उतारावर वालुकाश्माच्या कोठड्या विखुरल्या आहेत. गावात 'पांडवांची घरं' म्हणून विचारावं. डॉल्मेन म्हणून विचारलं तर कोणी सांगणार नाही. वाट शेताच्या बांधावरून जाते आणि मग काटेरी झुडपांत शिरते. कुसळी गवताची कुसळं मोज्यांत घुसतात आणि संध्याकाळपर्यंत टोचत राहतात. लोकरी मोजे नकोत, गुळगुळीत कापडाची पँट बुटावर ओढून घ्यावी.

उतारावर शेळ्या चारणारा एक म्हातारा धनगर भेटला. कानडी त्याची बोली, मराठी बाजाराची.

"पांडवांची घरं बघायला आलासा काय? चार घरं शाबूत हाईत बघा त्या अंगाला, बाकी पडली."

"कशानं पडली ओ?"

"सोनं हाय म्हणून रातीत येऊन खांदतात की. सोनं कुठलं? माती निघती. खालची माती गेली की दगूड किती दिस उभा ऱ्हाईल, तुम्हीच सांगा."

कोठडी पडण्याचं इतकं नेमकं कारण पुष्कळ छापील मजकुरातही मिळत नाही. उभी शिळा वजनावर उभी नसते, बुडाशी ठासलेल्या माती-दगडांवर उभी असते. शिळेचा खालचा भाग चरात बसवून दोन्ही अंगांनी लहान दगड कोंबलेले असतात. गुप्तधनाच्या नादानं आतली जमीन उकरली की आतल्या बाजूचा हा आधार जातो. पहिल्या मोठ्या पावसात शिळा आत कलते, छतशिळा एका कडेवर येते आणि घसरते. पडलेली कोठडी बघताना शिळा आत कलल्या आहेत की बाहेर, एवढं तपासावं. आत पडल्या असतील तर बहुतेक कुणीतरी खणलेलं असतं. बाहेर पडल्या असतील तर झाडाचं मूळ, उतारावरची धूप किंवा छतशिळेचा रेटा.

शाबूत कोठडीत शिरण्याआधी विजेरीचा झोत जमिनीलगत फिरवावा. विंचू आणि फुरसं दगडाच्या सावलीतच बसतात. छतशिळेवर चढू नये, टेकूही नये. दीड-दोन मीटर चौरस आणि वीत-दीड वीत जाडीची वालुकाश्माची शिळा सव्वा ते तीन टन भरते, आणि ती तीन ठिकाणी टेकली आहे की दोन, हे बाहेरून कळत नाही.

दुपारी गोकाकात जेवण. ज्वारीची पातळ भाकरी, भरलं वांगं, कारळ्याची चटणी, दही. निघताना करदंट घ्यावं: डिंक, सुका मेवा आणि गुळाचा हा तुकडा चढावर खिशात ठेवायला फार चांगला, उन्हात वितळत नाही आणि दोन तुकड्यांत तासभर निघतो.

गोकाकचं नाव प्रागैतिहासात आणखी एका कारणानं येतं. रॉबर्ट ब्रूस फूट या भूवैज्ञानिकानं 1863 साली चेन्नईजवळ पल्लावरमला अश्मयुगीन हत्यार ओळखलं आणि भारतातल्या प्रागैतिहासिक संशोधनाची सुरुवात झाली. त्यानंच पुढं गोकाकजवळ नदीकाठच्या गाळात गेंड्याचे जीवाश्म शोधले. 1874 साली त्यांचं वर्णन प्रसिद्ध झालं आणि त्या गेंड्याच्या नावात दख्खन आलं. घटप्रभेच्या काठी गेंडे चरत होते, ही गोष्ट बेळगाव जिल्ह्यातल्या प्रत्येक शाळेत सांगितली जायला हवी.

लोकापूरवरून बागलकोटकडं जाताना वाटेत कलादगी लागतं. फूटनं या सगळ्या खडकपट्ट्याला याच गावाचं नाव दिलं. रस्त्याकडेला पेरू आणि चिकूच्या पाट्या असतात. पेरू घ्यावेत. मुक्काम बदामीत.

दुसरा दिवस: ऐहोळे, मेगुतीचा माथा

बदामीहून पट्टदकल आणि पुढं ऐहोळे, एकूण पस्तीसेक किलोमीटर. पट्टदकलला सकाळी थांबू नये, नाहीतर ऐहोळेच्या माथ्यावर भर दुपार गाठते. सकाळी सहाला निघून सातच्या पुढं-मागं मेगुती या टेकडीवरच्या देवळाच्या पायऱ्यांशी असावं.

ऐहोळेला येणारे बहुतेक जण दुर्ग आणि लाडखान ही देवळं बघतात. थोडे जण मेगुतीपर्यंत चढतात, शिलालेखाचा फोटो काढतात आणि उतरतात. कोठड्या देवळाच्या मागं, त्याच माथ्यावर आहेत. देवळाला वळसा घालून शंभर-दोनशे पावलं गेलं की पहिली दिसते. तिथं फलक शोधत बसू नये, खडकाकडं बघत चालावं. खडकाच्या नैसर्गिक पायऱ्या आणि उभ्या केलेल्या शिळा लांबून सारख्याच दिसतात. ओळखण्याची खूण अशी: नैसर्गिक पाट आडवा असतो, त्याचे थर जमिनीला समांतर असतात. शिळा उभी केली की तिचे थरही उभे होतात. थर उभे दिसले की तिथं माणसाचा हात लागला.

शिलालेखापाशी मात्र मराठी माणसानं थांबायलाच हवं. शके 556, म्हणजे इसवी सन 634-35. रविकीर्तीनं रचलेली दुसऱ्या पुलकेशीची प्रशस्ती, संस्कृत भाषेत, जुन्या कानडी लिपीत. त्यात हर्षाच्या पराभवाचा उल्लेख आहे, कालिदास आणि भारवीची नावं आहेत, आणि नव्व्याण्णव हजार गावांच्या तीन 'महाराष्ट्रकां'चा पुलकेशी स्वामी झाला असंही लिहिलं आहे. हे कोरलं गेलं तेव्हा मागच्या कोठड्या शेकडो वर्षं जुन्या झालेल्या होत्या. चालुक्यांच्या गवंड्यांनी त्या रोज बघितल्या असणार. देवळासाठी दगड काढला तो याच माथ्याचा आणि याच थरांचा. बांधणीची पद्धत बदलली, खाण तीच राहिली.

शाबूत कोठडीपाशी बसून बांधणी नीट बघावी. चार शिळा चौकोनाच्या कोपऱ्यांना नेमक्या जुळवलेल्या नसतात. प्रत्येक शिळेचं एक टोक शेजारच्या शिळेच्या पुढं निघालेलं असतं. पुठ्ठ्याच्या खोक्याची चार पाखं एकमेकांत अडकवून झाकण बंद करतात, तशी ही रचना. वरून बघितली तर स्वस्तिकाचा आकार दिसतो. याचा फायदा असा की बाहेरून मातीचा दाब आला की प्रत्येक शिळा शेजारच्या शिळेच्या कडेवर रेलते आणि कोपरा घट्ट होतो. चुना नाही, खाच नाही, खुंटी नाही. ही मांडणी सगळीकडं सापडत नाही, पण जिथं आहे तिथं कोठडी टिकण्याची शक्यता जास्त. 1947 साली मॉर्टिमर व्हीलर यांनी चित्रदुर्ग भागातल्या ब्रह्मगिरीला उत्खनन केलं तेव्हा जमिनीतल्या कोठड्यांतही हीच मांडणी निघाली.

बघण्याची दुसरी गोष्ट छतशिळेची खालची बाजू. उताणं पडून, विजेरी शिळेला जवळजवळ चिकटवून आडवा झोत टाकावा. समोरून झोत टाकला तर काहीच दिसत नाही. आडव्या उजेडात टाकीचे घाव असतील तर सावल्या पडतात, नसतील तर निसर्गाचा थर जसाच्या तसा दिसतो, कुठं कुठं तर जुन्या पाण्याच्या लाटांच्या वळ्यांसकट. बहुतेक वालुकाश्मी शिळांवर घडाई फक्त कडांना असते. पृष्ठभाग घासायची गरजच पडलेली नाही.

माथ्यावर काळी-तांबडी खापरं दिसली तर तिथंच राहू द्यावीत. भांडं भट्टीत पालथं घालून भाजलं की आतल्या बाजूला आणि काठाला हवा पोचत नाही, तो भाग काळा राहतो, बाहेरचं अंग तांबडं होतं. असं खापर हे महापाषाणयुगाची खूण मानलं जातं. त्याचं मोल ते ज्या जागी पडलं आहे त्या जागेत आहे. पिशवीत घालून घरी आणलेलं खापर नुसता मातीचा तुकडा उरतो. संरक्षित स्मारकाची मोडतोड केली तर 2010 च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे.

साडेदहाला वारा पडला आणि माथा तापायला लागला. खाली उतरून गावातल्या एका घरगुती खानावळीत बसलो. मालकीणबाईंनी संक्रांतीची तीळ लावलेली सज्ज्याची, म्हणजे बाजरीची, भाकरी उरलेली होती ती आणून ठेवली, वर लोण्याचा गोळा. कडक भाकरीचा विषय निघाला तेव्हा त्यांनी करण्याची रीतही सांगितली: पीठ गरम पाण्यात मळायचं, भाकरी हाताला दिसेल इतकी पातळ थापायची, तव्यावर पाणी सुकेपर्यंत भाजायची आणि मग कापडानं दाबत मंद आचेवर पूर्ण कोरडी करायची. ओल राहिली तर तिसऱ्या दिवशी बुरशी धरते. नीट वाळलेली महिनाभर टिकते. डोंगरावरच्या जेवणाला याहून सोपं काही नाही. माणशी तीन भाकऱ्या, शेंगदाण्याची कोरडी चटणी, एक कांदा. मात्र कडक भाकरी पाणी मागते, म्हणून पाण्याच्या हिशोबात अर्धा लिटर जास्तीचा धरावा.

इथून अमीनगड, हुनगुंद, इलकल, कुष्टगी अशी वाट. अमीनगडलाही करदंट मिळतं आणि गोकाकचं चांगलं की अमीनगडचं, यावर या भागात लोक तासन् तास बोलू शकतात. अमीनगडच्या करदंटात डिंक जास्त जाणवला, गोकाकचं दाताला मऊ. इलकलात मागांचा आवाज ऐकायला थांबणं होतंच. आपल्याकडच्या आज्यांच्या अंगावर जे इरकली लुगडं असायचं ते इथलं. आणि तिथंच खडक बदलतो. वालुकाश्माच्या पायऱ्या-पायऱ्यांच्या टेकड्या मागं राहतात, गोल, गुळगुळीत, एकावर एक रचल्यासारखे दिसणारे तांबूस ग्रॅनाइटचे धोंडे सुरू होतात. इलकलचा तांबडा ग्रॅनाइट आज देशभर फरशीसाठी जातो. मुक्काम गंगावतीला.

तिसरा दिवस: हिरेबेणकल

या दिवसाची तयारी आदल्या रात्री करावी. माणशी तीन लिटर पाणी, कारण माथ्यावरच्या तळ्याचं पाणी पिण्याजोगं नसतं. नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवावा, वर रेंज जाते-येते. टोपी, विजेरी, टेप, होकायंत्र. अत्तर किंवा वासाचं तेल लावू नये. कड्यांना आग्या मोहळं असतात. धूर तर अजिबात करू नये, विडीचाही नाही.

हिरेबेणकल गाव गंगावतीपासून दहाएक किलोमीटर. तुंगभद्रेच्या डाव्या कालव्याच्या पाण्यावर पिकणारी भातशेती संपते तिथं डोंगर सुरू होतो. गावात विचारायचं ते "मोर्येर गुड्डक्के दारी याव्दु?", मोर्येरांच्या डोंगराची वाट कुठली, असं. मोर्येर म्हणजे पूर्वी इथं राहणारे बुटके लोक, ही घरं त्यांची, असं गावातला प्रत्येक माणूस सांगतो. कोठडीच्या भिंतीतलं आत जायचं भोक एवढं लहान, तर राहणारा केवढा असेल, हा त्यामागचा हिशोब. गावातला वाटाड्या जरूर घ्यावा. वर जाताना गुरांच्या वाटा मुख्य वाटेला येऊन मिळतात आणि उघड्या कातळावर पायवाट दिसेनाशी होते. शिवाय या डोंगरांत बिबट्या आणि अस्वल दोन्ही आहेत. उजाडल्यावरच चढावं, बोलत चालावं, आणि चारच्या आत खाली यावं.

आमच्याबरोबर आलेला वाटाड्या विशीतला होता, घरची भातशेती, सकाळी पाणी सोडून आलेला. चढ दीड-दोन तासांचा. सुरुवातीला दगडी वाट, मग उघडा कातळ, मग मोठ्या धोंड्यांमधून वळणं. बुटाचा तळ रबरी आणि मऊ हवा. कडक तळाचे बूट दवानं ओल्या ग्रॅनाइटवर घसरतात, आणि जानेवारीत सकाळी आठपर्यंत दव असतं.

आधी लहान, अर्धवट कोठड्या लागतात. काही ठिकाणी मोठ्या धोंड्याच्या वळचणीलाच शिळा लावून आडोसा केलेला आहे. पुढं काही कपारींत लाल रंगाची चित्रं आहेत: माणसं, घोडे, इतर जनावरं. त्यांना हात लावू नये, पाणी शिंपडून रंग उठवायचा प्रयत्न तर मुळीच करू नये. पाण्याबरोबर क्षार वर येतात आणि चित्रावर पांढरा थर बसतो. फोटो पुरेसा असतो, रंग नंतर संगणकावर उठवता येतो.

मग तळं, आणि त्याच्या पलीकडं मुख्य समूह.

इथं सगळ्या मिळून चारशेच्या आसपास महापाषाण रचना आहेत. काळ साधारण इसवी सनापूर्वी 800 ते 200. एकोणिसाव्या शतकात फिलिप मेडोज टेलर या निजामाच्या चाकरीतल्या अधिकाऱ्यानं त्यांची पहिली नोंद केली. मुख्य समूहातल्या कोठड्या अडीच-तीन मीटरपर्यंत उंच आहेत, इतक्या की सरळ उभं राहून आत बघता येतं. त्या ओळीनं उभ्या आहेत, मधे मोकळी जागा सोडून, आणि त्यांच्यामधून चालताना आपण एखाद्या पेठेत आलो आहोत असं वाटतं. ऐहोळेच्या माथ्यावर कोठड्या शोधाव्या लागतात. इथं समोरची बघावी तर मागची राहते.

आता दगडाचा प्रश्न. ग्रॅनाइटला थर नसतात, मग एवढे सपाट पाट आले कुठून? उत्तर पायाखालीच आहे. उघड्या ग्रॅनाइटच्या पृष्ठभागाला समांतर भेगा पडतात आणि वरचा भाग पापुद्र्यांनी सुटतो. वरचं ओझं झिजून गेलं की खालचा खडक फुगतो, शिवाय दिवसाचं ऊन आणि रात्रीची थंडी. पापुद्रे कुठं चार बोटं जाड, कुठं हातभर. कातळावर बुटाची टाच आपटत चालावं: भरीव आवाज आला तर खडक अखंड, पोकळ आवाज आला तर खाली पापुद्रा सुटलेला. असा सुटलेला पाट कडेला घाव घालून तोडायचा. तळ्याची जागा ही खाणच असावी असं अभ्यासक मानतात. दगड काढला, खळगा झाला, पाणी साठलं.

शिळांच्या कडा नीट बघाव्यात. तिथं अर्धगोल टवके काढलेले दिसतात, एकाशेजारी एक. टाकीनं नव्हे, दगडी किंवा लोखंडी घणानं कडेवर ठोके देत आकार आणलेला. कोपरे गोलावलेले आहेत तेही यामुळंच.

वजनाचा अंदाज जागेवरच काढता येतो. अडीच मीटर लांब, दोन मीटर उंच, पंधरा सेंटीमीटर जाड शिळा म्हणजे पाऊण घनमीटर. ग्रॅनाइटचा घनमीटर 2.65 टनाचा, म्हणजे शिळा दोन टनांची. ओंडक्यांवरून सरकवायला आणि तरफेनं उभी करायला वीस-पंचवीस माणसं पुरतात. छतशिळा चढवणं त्याहून अवघड. भिंतींच्या उंचीपर्यंत माती-दगडांचा उतार रचायचा, त्यावरून शिळा ओढायची आणि मग उतार काढून टाकायचा, ही पद्धत सर्वांत शक्य वाटते. उतार रचायचा तर कोठडीत आतूनही भर घालावी लागते, नाहीतर बाहेरच्या दाबानं भिंती आत येतात.

आणि ते भोक. एका भिंतीच्या शिळेत गोल, माणसाचं डोकं-खांदे जेमतेम जातील एवढं. कडेवरून बोट फिरवलं तर खडबडीत खळगे लागतात, ठोकून ठोकून दगड झिजवत नेल्याचे. शिळा उभी केल्यावर भोक पाडायला गेलं तर हादऱ्यानं बुडाचा आधार सुटेल, म्हणून आडवी असतानाच पाडलं असावं. ही शिळा कोठडीतली सर्वांत कमजोर. पडलेल्या कोठड्या बघत गेलं तर भोकाच्या बरोबर मधून दोन तुकडे झालेल्या शिळा दिसतात, कारण तिथं दगडाची रुंदी सर्वांत कमी उरलेली असते. होकायंत्रानं प्रत्येक भोकाची दिशा टिपत जावी, मजा येते. बांधणाऱ्यांना ती महत्त्वाची वाटत असावी.

आत काय असायचं? बहुतेक कोठड्या आज रिकाम्या आहेत. अशा काही जागी मृताच्या अस्थी नंतर गोळा करून ठेवत असल्याचा पुरावा आहे, काही रचना नुसत्या स्मारक असाव्यात. एक नक्की: ज्या काळात राहायची घरं कुडाची होती त्या काळात गेलेल्यांसाठी दोन-दोन टनांच्या शिळा उभ्या केल्या गेल्या, तेही डोंगराच्या माथ्यावर.

समूहाच्या एका अंगाला दहाएक मीटर उंच धोंड्यावर अर्धगोल दगडी नगारा आहे. सुमारे दोन मीटर उंच, दीड मीटर व्यास. लाकडी मोगरीनं ठोकला की आवाज किलोमीटरभर जातो. वाटाड्यानं खालूनच सांगितलं, "आधी पोरं दगडानं वाजवायची, टवके निघाले. आता आम्ही कुणाला वाजवू देत नाही." ते योग्यच आहे. चढण उघड्या कातळाची आणि धरायला काही नसलेली, तेव्हा खालून बघणं पुरे. वाटाड्यानं तळहातानं शेजारचा एक पापुद्रा वाजवून दाखवला, त्यातूनही धातूसारखा नाद निघतो. बल्लारीजवळ कुपगलच्या टेकडीवर असेच वाजणारे खडक आहेत, त्याहून जुन्या नवाश्मयुगातले.

हिरेबेणकल 2021 साली युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आलं. त्याच वर्षी, त्याच यादीत मराठ्यांचे किल्ले आले होते. किल्ल्यांना 2025 मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. हिरेबेणकल अजून थांबलं आहे. तो दर्जा मिळाला तर वाट, पाणी, राखण सगळं सुधारेल. पण त्याआधी रोजचा राखणदार हवा, कारण इथंही काही कोठड्यांच्या आतली माती उकरलेली दिसते.

अकरा वाजता एका मोठ्या कोठडीच्या सावलीत कडक भाकरी सोडली. वाटाड्याच्या डब्यात चित्रान्न होतं आणि आंब्याचं लोणचं, ते त्यानं सगळ्यांत वाटलं. त्याच्या आजीला या कोठड्यांत जायची भीती वाटायची, त्याला वाटत नाही. उलट दर पावसाळ्यानंतर कोणती शिळा किती कलली हे तो बघून ठेवतो. दोन शिळा त्यानं दाखवल्या, दोन्हींच्या बुडाशी रानडुकरांनी माती उकरलेली. उतरायला सव्वा तास. गुडघे दुखणाऱ्यांनी काठी घ्यावी, उतारावर कातळाचा भाग चढापेक्षा जास्त त्रास देतो. वाटाड्याला पैसे आधी ठरवून द्यावेत आणि डबा त्याच्यासाठीही न्यावा.

चौथा दिवस: परतीची वाट

गंगावती, कोप्पळ, गदग, हुबळी, धारवाड, बेळगाव. साधारण अडीचशे किलोमीटर, रस्ता चांगला. कोप्पळ-गदगच्या मधे कुकनूरजवळ इटगीला महादेवाचं देऊळ आहे, 1112 सालचं. आडवाटेला अर्धा तास जातो, पण जावं. तिथला दगड तिसराच, मऊ आणि बारीक पोताचा, खांबांवर नखाएवढी नक्षी झेलणारा. गदगला सावजी जेवण किंवा हुबळीत गिरमिट-मिर्ची, ज्याची त्याची आवड.

एवढे दिवस नसतील त्यांच्यासाठी: बेळगावहून एका दिवसात कोण्णूर आरामात होतं. दोन दिवस असतील तर बदामीत राहून ऐहोळे करावं, पण माथा सकाळीच. हिरेबेणकल एका दिवसात उरकायला जाऊ नये. रात्रीच्या प्रवासानं दमलेला माणूस नवाच्या उन्हात चढायला लागतो, पाणी अर्ध्यात संपतं आणि मुख्य समूह तळ्यापलीकडं राहून जातो. होस्पेटला रेल्वेनं पोचून रात्र काढावी, पहाटे गाडी करून गंगावतीमार्गे गाव गाठावं. गाडीवाल्याला दुपारी दोनपर्यंत थांबायला सांगावं, कारण गावाबाहेर परतीचं वाहन सहज मिळत नाही.